देवगिरीचे ताल आणि मुख्य गायक नसलेला वृंद

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्याच चाकरीत राहिले आणि शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप झाला, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य. या माणसाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन असे त्याचे सात अध्याय. पाचव्या अध्यायात देशी तालांची यादी आहे, १२० तालांची. प्रत्येक तालाचे नाव आणि त्याची मापे: कुठे द्रुत, कुठे लघु, कुठे गुरू, कुठे प्लुत. लघु एक मानला तर द्रुत अर्धा, गुरू दोन, प्लुत तीन. एखाद्या मापावर विराम असेल तर ते आपल्या निम्म्याने वाढते. यादी वाचताना हिशेबाला बसलेल्या माणसाची शिस्त पानोपानी जाणवते.

याच सिंघणाच्या वीचण नावाच्या सेनापतीने बेळगावच्या रट्टांचे राज्य जिंकले. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आहे, ती त्या रट्टांच्या काळातली. म्हणजे ज्या राजवटीत हा ग्रंथ झाला, त्याच राजवटीत आमचा बेळगावचा मुलूख यादवांकडे गेला. शार्ङ्गदेव मला परका वाटत नाही, त्याला हेही एक कारण आहे.

ती १२० तालांची यादी १९१३ साली पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत छापली गेली. लाव्हिन्याक यांच्या मोठ्या संगीतकोशात झोआनी ग्रोसे या अभ्यासकाचा भारतीय संगीतावर दीर्घ लेख आहे, त्यात ती आली. पुढे ती ऑलिव्हिए मेसियाँ या तरुण संगीतकाराच्या हाती लागली. जन्म १९०८, आव्हिन्योंचा. १९३१ पासून पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक. त्याने ही यादी आयुष्यभर सोडली नाही. विसाव्या शतकातल्या युरोपीय नवसंगीताला, आणि विशेषतः त्यातल्या दाट, गुंतलेल्या समूहगायनाला, जे वळण मिळाले त्याचा एक धागा असा देवगिरीपर्यंत पोचतो. तो धागा मराठी वाचकाला दाखवावा म्हणून हा लेख.

मी पिरनवाडीत तबला शिकवतो. बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबागेचे कारखाने मागे पडतात आणि आमचे गाव लागते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करीत गोव्याला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. संध्याकाळी शिफ्ट सुटलेली पोरे क्लासला येतात. त्यांतली काही घरी मराठी बोलतात, काही कन्नड, बोल मात्र सगळ्यांचे एकच. भजनी मंडळात मी पखवाज धरतो. पुण्याला शिकायला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला मेसियाँचे नाव सांगितले. पाश्चात्त्य संगीतावरच्या एका पुस्तकात त्याला शार्ङ्गदेव भेटला होता आणि तो चकित होऊन फोनवर विचारत होता, सर, हा आपलाच ना? ग. ह. तारळेकरांनी केलेले ‘संगीतरत्नाकरा’चे मराठी भाषांतर महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापले आहे. ते एका बाजूला आणि फोनमधली रेकॉर्डिंगे दुसऱ्या बाजूला ठेवून मी ऐकायला बसलो.

आधी एक ताल नीट पाहू. चंद्रकला. तीन गुरू, तीन प्लुत, एक लघु. म्हणजे २, २, २, ३, ३, ३, १. बेरीज १६. तबलजीचा कान १६ म्हटल्याबरोबर त्रितालाकडे जातो, म्हणून मी मुलांना हातावर दोन्ही एकदम मोजायला लावले. चंद्रकलेचे आघात पडतात १, ३, ५, ७, १०, १३ आणि १६ या मात्रांवर. त्रितालाच्या टाळ्या १, ५ आणि १३ वर. तिन्ही टाळ्या चंद्रकलेच्या आघाताशी मिळतात. खाली नवव्या मात्रेवर, आणि नवव्या मात्रेवर चंद्रकलेचा आघातच नाही; तिथे सातव्यापासून सुरू झालेला प्लुत अजून संपायचा असतो. या दोन तालांचे नाते आहे असा दावा मी करत नाही, हे निव्वळ गणित आहे. पण हे गणित हातात आले की मेसियाँला या यादीत काय सापडले ते कळते. त्याच्या परंपरेत लयीचा पाया सारख्या अंतराच्या ठोक्यांचा होता. इथे कोणीतरी सातशे वर्षांपूर्वी दोनाच्या तीन पावलांनंतर तिनाची तीन पावले टाकली होती आणि मग एकाच मात्रेत समेवर उडी घेतली होती. शिवाय तो विराम! अर्ध्याने वाढलेले एक माप, ज्यामुळे चाललेली लय किंचित लंगडते आणि जिवंत होते. मेसियाँने १९४४ साली आपल्या रचनातंत्रावर पुस्तक लिहिले, त्यात अशा वाढवलेल्या मापाला त्याने आपल्या लयविचाराच्या मुळाशी ठेवले आहे.

चंद्रकला त्याने वापरली ती युद्धकैद्यांच्या छावणीत. १९४० साली जर्मनांनी त्याला पकडले आणि ग्योर्लित्सच्या छावणीत ठेवले. तिथे व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट वाजवणारे कैदी होते, पियानोवर तो स्वतः. या चौघांसाठी लिहिलेली ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ १५ जानेवारी १९४१ रोजी छावणीतच वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोला शार्ङ्गदेवाच्या यादीतले तीन ताल एकापुढे एक जोडून दिले आहेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. मिळून १७ मापे. पण त्या मापांवर जे स्वरसमूह वाजतात ते २९ आहेत. सतरावे माप संपले की ताल पुन्हा पहिल्यापासून, स्वरसमूह मात्र अठरावा. दोन्ही चक्रे पुन्हा एकत्र सुरू व्हायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ आघात लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो.

यातली कल्पना लक्षात ठेवावी, पुढे सगळे तिच्यावर उभे आहे. स्वरांचा क्रम वेगळा आणि काळाची मापे वेगळी. नेहमीच्या चालीत स्वर आणि त्याचा काळ एकमेकांना चिकटलेले असतात. चाल म्हणजे तेच. मेसियाँने ते सोडवले.

मग तो मानवी आवाजाकडे वळला. १९४८ साली त्याने ‘सँक रशाँ’ लिहिले, पाच ध्रुवपदे. कुठलेही वाद्य नाही, फक्त बारा गाणारे. स्त्रियांचे सहा आवाज, पुरुषांचे सहा. रचना आपल्या ओळखीची आहे: ध्रुवपद, चरण, पुन्हा ध्रुवपद. शब्द त्याने स्वतः लिहिले, काही फ्रेंच आणि काही संस्कृतसारखे वाटणारे, पण कुठल्याच भाषेचे नसलेले. लयीत देशी ताल मुरलेले. बारा जण कधी एका तालात एकवटतात, कधी इतके पांगतात की आवाजांची जाळीच तयार होते. तबल्याच्या बोलांसारखी अर्थ नसलेली अक्षरे तोंडाने इतक्या वेगात म्हणणारी माणसे युरोपातही आहेत, हे ऐकून आमच्या क्लासमधली पोरे सरसावून बसली. त्यांना ते फार चटकन कळले.

मेसियाँला आणखी एक ताल आवडायचा, ढेंकी. गुरू, लघु, गुरू. उलटा वाचला तरी तोच. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण शाळेत उलटसुलट वाचून पाहिलेले असते. तसा हा काळातला. अशा लयींना तो उलटता न येणाऱ्या लयी म्हणत असे, आणि काळ मागे फिरत नाही या त्याच्या श्रद्धेशी त्या जोडत असे. श्रद्धेचा भाग मी त्याच्यापाशी ठेवतो. पण पाच मात्रांच्या ढेंकीत मधल्या लघूवर क्षणभर तोल जाऊन परत येतो, तो अनुभव हाताने घेण्यासारखा आहे.

पॅरिसच्या संगीतशाळेत मेसियाँ १९४१ पासून शिकवू लागला. त्याच्या वर्गात पुढे नावाजलेले संगीतकार बसले: बुलेझ, श्टॉकहाउझन आणि यानिस झेनाकिस. झेनाकिस ग्रीक, शिक्षणाने अभियंता, ल कोर्ब्युझिए या वास्तुकाराच्या कार्यालयात नोकरीला. अथेन्सच्या रस्त्यांवरच्या लढाईत त्याचा एक डोळा गेला होता. मेसियाँने त्याला पुन्हा पहिल्यापासून पाठ गिरवायला लावले नाहीत. तुला गणित येते, वास्तुकला येते, ती संगीतात आण, असे सांगितले. एक शिक्षक म्हणून मला या सल्ल्याचे मोल फार वाटते. १९६८ साली झेनाकिसचे ‘न्युई’ म्हणजे ‘रात्री’ सादर झाले, पुन्हा बारा आवाजांसाठीच. शब्द सुमेरी, असीरियन अशा प्राचीन भाषांच्या तुकड्यांचे. राजकीय कैद्यांना अर्पण केलेली ही रचना. आपण मींड घेतो तशा बारा मींडी, प्रत्येकीची सुरुवात वेगळी आणि उतार वेगळा. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो गोड काटा नव्हे. ज्यांची नावेही नोंदली गेली नाहीत अशा माणसांचे ते ओरडणे आहे.

पण दाट आवाजांची गोष्ट ज्याच्या नावाशिवाय पुरी होत नाही तो ग्यॉर्गी लिगेटी. तो मेसियाँचा विद्यार्थी नव्हे. जन्म २८ मे १९२३. आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले ८ एप्रिल १९२४ ला, म्हणजे दोघांत वर्षाचेही अंतर नाही. लिगेटीचे घर ज्यू, बोली हंगेरियन आणि गाव ट्रान्सिल्व्हानियात. पहिल्या महायुद्धापर्यंत तो मुलूख हंगेरीत होता. नंतर सीमा हलली आणि तो जन्मला तेव्हा गाव रुमानियात गेलेले होते. घरची भाषा एक आणि सरकारी फलकावरची दुसरी, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच्या वाट्याला आलेले भोग फार भयंकर. वडील आणि भाऊ नाझी छावण्यांत मेले, आई आउश्वित्झमधून जिवंत परतली. युद्धानंतर तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकवत होता, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या बहुस्वरी गायनाचे नियम मुलांकडून घोटून घेत होता. १९५६ च्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी डिसेंबरात, हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडल्यावर, लिगेटी आगगाडीत टपालाच्या पोत्यांखाली लपून सीमेकडे निघाला आणि व्हिएन्नाला पोचला.

त्याची ‘लुक्स एतेर्ना’ ही रचना १९६६ ची. सोळा आवाज, वाद्य नाही, साधारण नऊ मिनिटे. शब्द मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतले, शाश्वत प्रकाश मागणारे. सुरुवातीला स्त्रियांचे आठ आवाज एकामागून एक येतात, सगळे एकाच स्वरावर, आपल्या पेटीवरच्या पांढरी चारवर. इतके हळू येतात की दुसरा आवाज कधी मिसळला ते कळत नाही. मग त्या एका स्वराच्या शेजारचा स्वर उगवतो, मग आणखी एक. काही वेळाने कानात धुके भरल्यासारखे होते. चाल कुठेच नाही आणि तरीही आतून सगळे हलते आहे.

आत काय चालले आहे? आठही जणी एकच स्वरमालिका गात आहेत. तेच स्वर, त्याच क्रमाने, तेच शब्द. फरक फक्त काळाचा. लिगेटीने एका ठोक्याचे कुणाला चार भाग दिले आहेत, कुणाला पाच, कुणाला सहा. आपल्या भाषेत बोलायचे तर एकीची चौगुन, दुसरीची त्याच चौगुनीवर कुआड, तिसरीची आड, आणि हे सगळे एकाच वेळी. त्यातही कुठला स्वर किती लांबवायचा हे प्रत्येकीचे निराळे. त्यामुळे दोघींचे अक्षर एकाच क्षणी पडण्याची वेळ सहसा येत नाही. आघात कुठेच द्यायचा नाही, अशी त्याची सक्त सूचना आहे. कागदावरच्या उभ्या रेघा फक्त मोजण्यासाठी. कुठल्याही क्षणी कापून पाहिले तर एक जण मालिकेच्या तिसऱ्या स्वरावर असते, एक पाचव्यावर, एक अजून दुसऱ्यावर. आपल्याला ऐकू येतो तो या सगळ्यांचा मिळून झालेला स्वरगुच्छ. पुढच्या जणी पुढच्या स्वरावर गेल्या की गुच्छाचा रंग बदलतो. मागची शेवटची जण एखादा स्वर सोडते तेव्हा तो रंग विरतो. लिगेटीने याला सूक्ष्म बहुस्वरता असे नाव दिले. नियम जुन्या बहुस्वरी गायनाचेच, बुडापेस्टमध्ये शिकवलेले, पण धागे इतके बारीक आणि इतके जवळ की धागा दिसत नाही, फक्त वस्त्र दिसते.

आमच्या मंडळातल्या एका वयस्कर टाळकऱ्यांना मी हे ऐकवले. ते डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, “पारायणात बसल्यागत वाटालंय की रे.”

त्यांच्याइतके नेमके मला सांगता आले नसते. आमच्या भागात गावोगावी ज्ञानेश्वरीचे पारायण बसते, सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. व्यासपीठचालक पुढे वाचतात, मागे मांडवभर वाचक. ओवी एकच, चाल एकच. पण कुणाचा श्वास लांब, कुणाचा आखूड. कुणाला चष्मा लावून अक्षर जुळवावे लागते, कुणाला पाठच आहे. अर्धा-एक शब्दाने पुढेमागे होत सगळे चालतात. मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ऐकले तर शब्द कळत नाहीत, एक जाड, उबदार, आतून हलणारा नाद येतो. लिगेटीने जे मोजूनमापून लिहिले ते पारायणात न मोजता घडते. फरकही सांगितला पाहिजे: पारायणात ओवीच्या शेवटी सगळे एकमेकांची वाट पाहतात, चालकाच्या आवाजाला येऊन मिळतात. लिगेटी त्यांना मिळू देत नाही.

इथे मला पुन्हा शार्ङ्गदेवाकडे जायचे आहे, कारण त्याच्या ग्रंथाचा हा भाग मेसियाँच्या भक्तांनीही फारसा पाहिलेला दिसत नाही. प्रकीर्णक अध्यायात त्याने वृंदाचे वर्णन केले आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवादक. म्हणजे गाणारे चोवीस, लिगेटीच्या सोळांपेक्षा जास्तच. उत्तमाहून मोठा वृंद असेल तर त्याला त्याने नाव दिले आहे कोलाहल, आणि ते एक पारिभाषिक नाव म्हणून, निंदा म्हणून नाही. मग वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकामागे जाणे. एकमेकांत मिसळणे. ताल धरून चालणे. एकाचा श्वास तुटला तर दुसऱ्याने ती जागा सांभाळणे. तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद. आणि आवाजांचे एकमेकांशी साम्य.

ही यादी समोर ठेवून ‘लुक्स एतेर्ना’ ऐकावी. श्वासाचा चौथा गुण तर तिचा प्राण आहे. एकीने श्वास घेतल्याचे कळले तर सगळे विणकाम उसवते, म्हणून एक थांबते तेव्हा बाकीच्या वाहत असतात. मिसळणे आहे, आवाजांचे साम्य आहे. हिशेबखात्याच्या त्या अधिकाऱ्याने सांगितलेल्या सहांपैकी बहुतेक गुण या रचनेच्या गायकांना तंतोतंत लागतात. फक्त पहिला नाही. मुख्य गायकच नाही. हात दाखवणारा संचालक समोर असतो, पण तो गात नाही. गाणाऱ्यांत कुणाच्या मागे कुणी जात नाही, सगळे समगायक. माझ्या मते विसाव्या शतकातल्या या संगीताने केलेली खरी नवी गोष्ट हीच. स्वर आंबट लागतात, चाल सापडत नाही, याची चर्चा लोक करतात, पण ते वरवरचे आहे. आपल्याकडे गर्दी कितीही मोठी असो, दिंडी असो, आरती असो, कव्वाली असो, एक आवाज पुढे असतो आणि बाकीचे त्याच्यामुळे एकत्र असतात. लिगेटीने विचारले, पुढचा आवाज काढून घेतला तर माणसे एकत्र राहतील का? आणि ती राहिली. ज्याच्या घरातली माणसे एका पुढाऱ्याच्या मागे चाललेल्या गर्दीने मारली, त्याने हा प्रश्न विचारावा, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. त्याने स्वतः असे म्हटल्याचे मी सांगत नाही. ऐकताना मला जे वाटले ते सांगतो.

‘लुक्स एतेर्ना’च्या आधीच्या वर्षी, १९६५ ला, स्टॉकहोममध्ये लिगेटीचे ‘रेक्विएम’ झाले. त्यातल्या ‘किरिए’ या भागात वीस आवाज आहेत, चार-चारांचे पाच गट. प्रत्येक गटात वर सांगितला तसा एकेक गुंता आणि ते पाच गुंते पुन्हा एकमेकांत. हे धुके नाही, हा पूर आहे. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात काळ्या शिळेच्या दृश्यांना हेच संगीत लावले, लिगेटीला रीतसर न विचारता. त्यामुळे जगभरच्या लोकांनी ही रचना ऐकली, आणि त्यामुळेच ती अनेकांच्या मनात भीतीशी कायमची जोडली गेली. शक्य असेल तर चित्राशिवाय ऐकावी.

श्टॉकहाउझनच्या १९६८ च्या ‘श्टिमुंग’बद्दल थोडेच सांगतो, कारण ते समजायला आपल्याला सोपे. सहा गाणारे, तासाभराहून जास्त वेळ, सगळे एकाच अतिखर्ज स्वराच्या वरच्या नादांवर; स्वर काळी पाच. मिरजेहून आलेला चांगला तानपुरा जवारी नीट लावून छेडला की खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो मूळ स्वराचा पाचवा नाद. श्टॉकहाउझनने दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सातवा आणि नववा असे सहा नाद सहा कंठांना वाटून दिले आहेत आणि मूळ स्वर कुणालाच दिलेला नाही. खर्ज नसलेला, माणसांचा तानपुरा. रात्री झोपण्यापूर्वी ऐकायला मला हे फार आवडते.

हे संगीत आहे का, असे मला लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगतो की चाल शोधू नका. ‘लुक्स एतेर्ना’ लावा, तानपुरा लावल्यासारखा पहिला स्वर मनात धरा आणि तो स्वर कधी हरवतो तेवढेच पाहा. दुसऱ्यांदा ऐकताना पुरुषांचे आवाज कधी येतात ते पाहा. हेडफोन असेल तर बरे, कारण हे गाणे इतके हळू आहे की पिरनवाडीच्या नाक्यावरचा एक ट्रक ते पुसून टाकतो.

मेसियाँबद्दल माझी एक तक्रार आहे. त्याने ताल घेतले आणि टाळी सोडली. शार्ङ्गदेवाच्या काळात ताल म्हणजे हाताची क्रिया; मापे ही त्या क्रियेची नोंद. मेसियाँच्या हाती फक्त नोंद पोचली, तीही फ्रेंच लेखातून, आणि त्याने ती आकड्यांची शोभिवंत मालिका म्हणून वापरली. एका अर्थी त्याचे बरेच झाले. आकडे मोकळे मिळाले म्हणूनच तो स्वर आणि काळ वेगळे करू शकला. पण आपले तसे नाही. आपल्याकडे हात आहे, टाळी आहे, आणि तरी ते १२० ताल आपण पुस्तकात ठेवून दिले आहेत. शिकवण्या-वाजवण्यात त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही येत नाहीत. पॅरिसच्या एका ऑर्गनवादकाला त्यांची जितकी ओढ वाटली, तितकी आपल्या क्लासमध्ये वाटावी असे मला मनापासून वाटते. म्हणून मी आता मुलांना त्रितालाच्या लेहऱ्यावर चंद्रकला वाजवायला लावतो. पहिले तीन गुरू सगळ्यांना जमतात. प्लुत सुरू झाले की निम्मी पोरे नवव्या मात्रेवर थाप मारतात, कारण खालीची सवय अंगात भिनलेली असते. ती थाप आवरायला शिकणे हाच धडा.

मंडळात दुसरा एक प्रयत्न चालू आहे. एकच नाम, एकच चाल, तीन गट: एक चौगुनीत, एक कुआडीत, एक आडीत. टाळ खाली ठेवायचे आणि पखवाजही, हे सगळ्यांना पटले आहे. कुआडीच्या गटाला पाचाचे माप धरायला वेळ लागतो आहे, ते सरावाने येईल. अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. मुख्य गायक नको असे ठरल्यावर पहिला स्वर कुणी लावायचा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.